गोपाळरावांचा गुडघा

७ जानेवारी २०२५, मेहकर

निरोप समारंभात शाळेनं मला शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ आणि ही डायरी दिली. शाल नणंदेकडे गेली, नारळाची चटणी झाली, घड्याळ महिनाभरात बंद पडलं. उरली डायरी. जन्मभर टाचणवही लिहिलेल्या बाईला कोरी पानं बघवत नाहीत. आज काय शिकवलं ते टाचणवहीत लिहायचं असायचं. खरंच शिकवलं का, हे बघायला सहसा कुणी येत नसे. इथंही तीच सोय आहे.

तर आजचा पाठ, गोपाळरावांचा गुडघा.

गोपाळराव म्हणजे आमचे हे. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. रोज संध्याकाळी आम्ही दोघं बालाजीच्या दर्शनाला पायी जातो. वाटेत चढ आहे. मागच्या दिवाळीपर्यंत हे माझ्या चार पावलं पुढे असायचे आणि मागे वळून "चाल की, बाई" म्हणायचे. दिवाळीनंतर यांचा गुडघा अवतरला. आता मेडिकलचा ओटा आला की हे बसतात. पुढे कडुनिंबाच्या पारावर बसतात. मग भिमाबाई फुलवालीच्या बाकड्यावर. बसले की मला म्हणतात, "बस ना तूही, उभी काऊन?" मग मलाही बसावं लागतं. नवरा बसलेला आणि बायको खांबासारखी उभी, हे चारचौघांत बरं दिसत नाही.

जगाचा गुडघा उतारावर दुखतो. यांचा फक्त चढावर. परतताना असे सुटतात की मीच "अहो, हळू" म्हणते. आज डावा गुडघा चोळत होते. परवा उजवा होता. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणाले, "एकमेकाले साथ देऊन राह्यले बिचारे." हाडाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं की यांना लगेच वीजबिलाची आठवण होते. माणसाला पारावर बसून गप्पा हाणायच्या असतील तर सरळ सांगावं. गुडघ्याची कशाला बदनामी करायची?

१३ जानेवारी

माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं म्हणून दवाखान्यात गेले होते. डोळ्याला हात लावण्याआधी सगळं शरीर तपासतात म्हणे. एका तरुण डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि तिथंच थांबला, रेडिओवरच्या बातम्या ऐकत असल्यासारखा. मग म्हणाला, "मॅडम, आवाज येतोय."

माझ्या आवाजाबद्दल आजवर फक्त मुख्याध्यापकांनी तक्रार केली होती.

हृदयाची झडप गळत असावी, बुलढाण्याला जाऊन हृदयाची सोनोग्राफी करा, मगच डोळ्याचं बघू, असं त्याचं म्हणणं पडलं. त्या सोनोग्राफीला इको म्हणतात. म्हणजे डोळ्यासाठी गेले आणि हृदय गळ्यात घेऊन आले. मी हसले. हे हसले नाहीत. घरी जेवताना भाजीत मीठ नव्हतं तरी मुकाट्यानं खाल्ली. या माणसाचं काही तरी बिनसलंय.

१५ जानेवारी

हळदीकुंकवाला मी दरवर्षी सगळी गल्ली पायी पालथी घालते. यंदा यांनी स्कूटर काढली. कारण काय, तर "बॅटरी उतरून जाईन, चालवली पायजे." मी आत वाण घेतेय आणि हे दारात स्कूटरवर टांग टाकून बसलेत, सहा घरं सलग. बायका पदरात तोंड लपवून हसत होत्या. एकीनं तर विचारलं, "काय हो शरयूताई, पळून जाता की काय?"

शिवाय स्वयंपाकघरात एक उंच स्टूल आणून ठेवलंय. यांना बसून मटार सोलायचेत म्हणे. मटार सोलतंय कोण? स्टूल मात्र अडगळीसारखं गॅसपाशीच असतं, म्हणून पोळ्या लाटताना मीच त्यावर टेकते.

उशांचीही तीच तऱ्हा. जुन्या कापसात काही राम उरला नाही. दोन उशा घेतल्या तरी मान खाली जाते आणि छाती भरून आल्यासारखी होते. काल हे न सांगता तिसरी घेऊन आले. कापसाच्या मुलखात राहून धड उशी मिळू नये, यालाच प्रगती म्हणतात.

२१ जानेवारी, बुलढाणा

एसटीनं चिखलीवरून गेलो. हृदयाचे डॉक्टर म्हणजे कुणी जाडजूड गृहस्थ असतील असं वाटलं होतं. निघाली पोरगेलीशी मुलगी, डॉ. रेणुका. माझ्या लेकीच्या, आरोहीच्याच वयाची. आरोही पुण्यात असते आणि रोज फोनवरून मला व्यायाम सांगते. ही निदान समोर बसून सांगते.

अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर निजवलं, छातीला गार जेल चोपडलं आणि एक मुठीएवढं यंत्र बरगड्यांवर दाबलं. पडद्यावर माझं हृदय. इतकी वर्षं ज्याच्या भरवशावर ओरडले ते असं राखाडी, फडफडणारं निघेल असं वाटलं नव्हतं. मग तिनं रंग चालू केले. यंत्राकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं. मी भूगोलाची बाई, नकाशातलं निळं म्हणजे पाणी एवढंच मला ठाऊक.

"काकू, हे बघा," ती म्हणाली. "फुफ्फुसातून आलेलं रक्त वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात उतरतं. मधली झडप मिटते आणि खालचा कप्पा ते अंगभर ढकलतो. झडप मिटल्यावर मागे काहीच जायला नको."

आणि माझ्यात जात होतं. प्रत्येक ठोक्याला रंगीत फवारा वर उसळत होता, आत कुणी रंगपंचमी खेळत असल्यासारखा. थोडं पुढे पाठवायचं आणि बरंचसं परत घ्यायचं. आमच्या शाळेच्या पगारबिलांचंही असंच चालायचं, म्हणून मला फार धक्का बसला नाही.

नंतर ती समोर बसली. लीक बरंच आहे म्हणाली, डावा कप्पाही थोडा मोठा व्हायला लागलाय. "आता सगळं यावर आहे, की तुम्हाला त्रास होतो का. त्रास नसेल तर सहा महिन्यांनी परत बघू. धाप लागत असेल तर मात्र थांबायचं नाही, ऑपरेशन करून झडप दुरुस्त करायची. वेळेत केली तर हृदय पुन्हा पूर्वीसारखं होतं. उशीर केला तर झडप दुरुस्त होते, हृदय होत नाही. म्हणून नीट आठवून सांगा. जिना चढताना दम लागतो?"

"आमच्या घराला जिनाच नाही."

"चढ?"

"रोज बालाजीचा चढ चढते. थांबतात ते हे. यांचा गुडघा."

तिनं यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "तशी चालते ती... म्हणजे..." आणि बोलणं तिथंच सोडलं. तहसील कचेरीत सगळी वाक्यं अशीच सोडत असावेत.

"झोपताना उशा किती घेता?"

आता परक्या बाईला माझ्या अंथरुणाचा हिशेब कशाला? तो कापसाचा प्रश्न आहे. मी सांगितलं, "एक." यांना ठसका लागला.

तिनं लिहिलं, लक्षणं नाहीत. मी पास झाले. बाहेर येऊन रसवंतीत रस मागवला, तोच यांना आठवलं की चष्मा आत राहिला. परत गेले. चष्मा यांच्या शर्टाच्या खिशात होता, मला इथून दिसत होता. मी ओरडेपर्यंत आत पोचलेसुद्धा. माझा रस संपला, यांच्या रसावर माश्या बसल्या, तेव्हा कुठं बाहेर आले. वय झालंय, दुसरं काय.

२५ जानेवारी

माझा धाकटा भाऊ निवृत्ती वरवट बकालहून भेटायला आला. संत्री घेऊन आला, आणि मत.

"ताई, तुह्या दिलाचा फुटवॉल गेला, दुसरं काई नाई."

विहिरीत सोडलेल्या पाइपाच्या टोकाला जी झडप असते तिला हे लोक फुटवॉल म्हणतात. मोटर बंद केली तरी पाइपातलं पाणी परत विहिरीत जाऊ देत नाही ती. इकोचं यंत्र नसताना निवृत्तीला इतकं समजलं याचं मला कौतुक वाटलं.

"मग तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"आमी पाइपात शेणकाला वततो. वॉल बसते."

"डॉक्टरणीला सांगून बघते."

"चेष्टा नको करू. मी काय म्हणतो, गळका वॉल असला तरी मोटर चालते. पयले पाणी भरा लागते, एवढंच. एवढी घाई करा लागत नाई."

घाई नाही! सगळ्यांत शहाणा माणूस शेवटी माझ्याच माहेरचा निघाला. हे कोपऱ्यात बसून संत्रं सोलत होते. निवृत्ती म्हणाला, "काय भाऊजी, गुडघा कसा हाये?" तर हे म्हणाले, "कोणता गुडघा?" आणि मग घाईघाईनं, "हाव, हाव, हाये तसाच."

२ फेब्रुवारी

बुलढाण्याहून फोन. डॉ. रेणुकाला पुन्हा यायला हवंय. पळत्या पट्ट्यावर चालवायचं आणि लगेच इको करायचा. निजलेल्या हृदयाचं खरं रूप कळत नाही, श्रमात कळतं, असं तिचं म्हणणं. बारा दिवसांपूर्वी कळत होतं, मग मधेच काय झालं? मी यांना म्हटलं, "दुकान आहे हो, दुकान. गिऱ्हाईक सुटलं की परत बोलावतात."

हे म्हणाले, "त्रुटीपूर्तीसाठी फाइल परत येतच असते." आणि कधी नव्हे ते दिवे पुसायला घेतले. दिव्यांवर धूळ नव्हती.

मी जाणार. ठणठणीत बाई कशी चालते ते त्या पोरीला दाखवून येते. नवी चप्पल काढून ठेवलीय.

८ फेब्रुवारी, मेहकर

बुलढाण्याला जे झालं ते लिहिते.

पट्टा सुरू झाला. आधी हळू. मी तिला सांगितलं, "अगं, याहून जोरात मी भाजीबाजारात चालते." मग पट्ट्यानं चढ घेतला. बालाजीच्या चढाएवढासुद्धा नसेल. मेडिकलचा ओटा जिथं यावा तिथवर बरं होतं. त्यापुढे छातीवर कुणी धान्याचं पोतं टाकावं तसं झालं. मी उजवीकडे बघितलं. का बघितलं ते मला तेव्हा कळलं नाही. उजवीकडे भिंत होती. हे बाहेर बाकड्यावर होते. आणि पट्टा काही थांबेना. बसायला कुठं पार नाही, कुणाचा गुडघा दुखत नाही. मी दांडी धरली आणि तोंडानं श्वास घ्यायला लागले, मासा घेतो तसा. कडुनिंबापर्यंतसुद्धा पोचले नसेन, तिनं पट्टा बंद केला, धरून आडवं केलं आणि यंत्र लावलं.

या वेळी पडद्यावर रंगपंचमी नव्हती, पूर होता. वरचा सगळा कप्पा रंगानं भरून जात होता. ती म्हणाली, "फुफ्फुसात दाब खूप वाढतोय, काकू. म्हणून धाप लागते."

"आज सकाळी एसटीत धूळ फार होती," मी म्हटलं.

तिनं यांना आत बोलावलं. "काकू रोज चढ चढतात म्हणाल्या. मध्ये किती वेळा बसता?"

"मी नाही, हे बसतात," मीच सांगितलं.

"काका, गुडघा दाखवा जरा."

यांनी पँट वर केली. तिनं वाकवून पाहिला. मग उठाबशा काढायला लावल्या, शाळेत मी काढायला लावायचे तशा. यांनी काढल्या. सहज. दोन्ही गुडघे लोण्यासारखे. हे भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "आता बराय."

हृदयाच्या डॉक्टरकडे येऊन गुडघा बरा होतो, हे मला माहीत नव्हतं. मेहकरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना सांगायला हवं.

येताना एसटीत खिडकीपाशी बसले. हे काही तरी बोलू बघत होते. मी मेहकरपर्यंत झाडं मोजत आले.

९ फेब्रुवारी

मला राग आलाय. भयंकर राग आलाय. दिवाळीपासून हा माणूस माझ्या धापेला स्वतःचा गुडघा लावून बसलाय! मी गल्लीभर यांच्या गुडघ्याची टिंगल करत फिरले, भिमाबाईसुद्धा हसायची, आणि हे मख्खासारखे चोळत बसायचे. एकदा डावा, एकदा उजवा. धड खोटंसुद्धा बोलता येत नाही. आणि त्या पोरीनं विचारलं तेव्हा मी छाती पुढे काढून सांगितलं, मला काही होत नाही. सहा महिने थांबणार होते मी. उशीर झाला तर हृदय परत पूर्वीसारखं होत नाही म्हणाली होती ती. ते हृदय काय यांच्या गुडघ्यावर टांगायचं होतं?

दुपारी भांडले. सगळं काढलं.

हे म्हणाले, "दिवाळीत फराळाचा डबा घेऊन चढावर थांबली होती तू. पांढरीफटक पडली होती. मी म्हटलं, दम लागला काय? तर माह्या अंगावर आली. डबा जड हाये म्हणे. डब्यात चिवडा होता शरयू."

"मग दवाखान्यात न्यायचं होतं ओढून."

"तुले? ओढून?" मग हे हळू म्हणाले, "म्हटलं, हिले थांबवायचं असन त आपणच थांबलेलं बरं. आणि तुह्या आईचं पाह्यलं होतं ना मी. दिल कमजोर हाये असं कोणी सांगितलं अन् त्या खाटेवर बसल्या त्या उठल्याच नाहीत. तूच म्हणाली होती, मले असं काही झालं त सांगू नका."

ते मी म्हटलं तेव्हा नवी नवरी होते. नवी नवरी काय वाट्टेल ते बोलते. ते कुणी जपून ठेवायचं असतं का?

"आणि त्या दिवशी चष्मा विसरलात?" मी विचारलं.

"चष्मा खिशात होता. डॉक्टरबाईले तीन उशा सांगितल्या. अन् गुडघ्याचं सांगितलं."

मी उठून आत गेले. स्टुलावर बसले. हे स्टूलही मटारासाठी नव्हतं, हे तेव्हा डोक्यात शिरलं. शिकलेली बाई म्हणे मी.

११ फेब्रुवारी

दोन दिवस अबोला होता. आज सोडला, कारण अबोल्यात दुधाचा हिशेब कळत नाही.

एक गोष्ट यांना सांगितली नाही, इथं लिहून टाकते. मेडिकलचा ओटा ओलांडला की मी मनात म्हणायचे, दुखू दे बाई यांचा गुडघा. कडुनिंब दिसायला लागला की पाय जड व्हायचे आणि मी कान यांच्याकडे लावून चालायचे, आता "जरा टेकू" म्हणतील म्हणून. त्या दिवशी पट्ट्यावर मी उजवीकडे बघितलं ते यांच्यासाठीच. आणि वर यांना ऐकवायचे, काय हो तुमचं हे रोजचं! आम्ही दोघं एकमेकांना फसवत एकाच पारावर बसत होतो. फसत मात्र कुणीच नव्हतं.

आरोहीला फोन केला. ती आधी रडली, मग तिनं पंधरा हॉस्पिटलांची नावं पाठवली. निवृत्तीलाही कळवलं. तो म्हणाला, "करून टाक ताई. गळक्या वॉलवर चालवत राह्यलं त मोटर जळते."

"हे तू मागच्या वेळी नाही सांगितलं."

"तू त घाई नाई एवढंच आयकलं अन् लागली हसायले. पुढचं कवा बोलू दिलं?"

४ मार्च, संभाजीनगर

ऑपरेशन इथं करायचं ठरलंय. आज घशातून नळी घालून इको केला. नळीच्या टोकाला कॅमेऱ्यासारखं यंत्र असतं, हृदयाच्या अगदी पाठीशी जाऊन बघतं. गुंगी होती, त्यामुळे मला त्या वेळी काही शेरा मारता आला नाही. नंतर सर्जननं पडद्यावर माझी झडप दाखवली, वरून बघितल्यासारखी, जिवंत, उघडझाप करणारी. दोन पाकळ्या. त्यांना खालून बारीक दोरे धरून ठेवतात. एकीचा दोरा तुटलाय. त्यामुळे ती पाकळी दर ठोक्याला उलटी वर फडकते, कडी निसटलेल्या दारासारखी, आणि त्या फटीतून रक्त मागे पळतं.

"नेमकं कुठं तुटलंय ते दिसतंय, म्हणून बदलायची गरज पडू नये," तो म्हणाला. "दोरा नवा लावू, पाकळी शिवू, भोवती कडं बसवू."

हे खुर्ची ओढून पडद्याच्या अगदी जवळ बसले होते. बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "अन् हे असं फडफडत असताना ही त्या चढावर चालत होती?"

सर्जन म्हणाला, "हो."

हे माझी चप्पल उचलून हातात घेऊन बसले. पायात घालायची असते ती.

१० मार्च, संभाजीनगर

उद्या. भीती वाटते. आडून-आडून नको, सरळ लिहिते. मला मरायची भीती वाटते. मुलांना भूगोल शिकवताना पृथ्वी किती मोठी, माणूस किती लहान, असं सांगायचे. आता माणूस अजिबात लहान वाटत नाही. यांना डाळीला फोडणी देता येत नाही. मोहरी तडतडायच्या आधीच डाळ ओततात. हा माणूस एकटा कसा राहील?

यांना म्हटलं, "काही झालं तर..."

"काही होत नाही."

"बोलू तर द्या. काही झालं तर बालाजीला रोज जायचं. गुडघा दुखतो सांगून घरी बसायचं नाही."

हे उठून खिडकीपाशी गेले. पाठमोरे उभे राहून म्हणाले, "मी नाही जाणार एकटा." हट्टी मुलासारखं म्हणाले. वर्गात असते तर बाकावर उभं केलं असतं. इथं फक्त हात धरला.

३० मार्च, मेहकर

पाडवा. घरी आलोय. छातीच्या मधोमध शिवण आहे, खोकताना उशी धरावी लागते. उशा भरपूर आहेत, कमी एवढीच गोष्ट नाही या घरात. मात्र डोक्याखाली एकच घेते. निजल्यावर छाती भरत नाही. कापूस तोच आहे.

यांनी गुढी उभारली, वाकडी. पुरणही शिजवलं. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. नुकतीच मरता मरता वाचलेली बाई आहे मी.

८ जून

परवा बुलढाण्याला इको झाला. तीच खोली, तोच अंधार. लाल येतंय, निळं जातंय, आणि झडप मिटली की मिटली. डॉ. रेणुका म्हणाली कप्पा लहान व्हायला लागलाय. पट्ट्यावरही चालवलं. मी चालले, पट्टा दमला असेल. तिनं यांना मुद्दाम विचारलं, "काका, गुडघा?" हे लाजले. या वयात लाजतात.

आज चार महिन्यांनी पहिल्यांदा बालाजीला पायी निघालो. मेडिकलचा ओटा आला. पाय थांबायला बघत होते, सवयीनं. मी चालत राहिले. श्वास येत होता आणि जात होता, त्यात काही विशेष नव्हतं. त्याचंच मला इतकं नवल वाटत होतं की रस्त्यात रडू येईल की काय असं झालं. हे शेजारून चालत होते. आज त्यांनी एकदाही गुडघ्याला हात लावला नाही. हे माझ्या तोंडाकडेच बघत होते. चढ संपेपर्यंत त्यांची नजर हलली नसती. मग मला दिसलं की यांच्या कपाळावर घाम आलाय आणि हे तोंडानं श्वास घेतायत. उन्हाचे दिवस, सत्तरीला टेकलेला माणूस, आणि मार्च महिना दवाखान्याच्या खुर्चीवर झोपून काढलेला. विचारलं असतं तर भांडले असते. डबा जड आहे म्हणाले असते.

कडुनिंबाचा पार आला. मी बसले.

हे घाबरले. "काऊन? दम लागला? छातीत काही?"

"छाती ठीक आहे," मी म्हटलं. "गुडघा दुखतोय माझा."

हे माझ्याकडे बघत उभे राहिले. "कोणता?"

"आज डावा. उद्या उजवा दुखेल. बसा ना तुम्हीही, उभे काऊन?"

हे बसले. समोरून भिमाबाईनं हाक मारली, "अवं बाई, आता तुमचं बी सुरू झालं काय?" मी हो म्हटलं आणि गुडघा चोळायला घेतला. यांचा श्वास जाग्यावर येईपर्यंत चोळत राहिले.